तुषारचा कोपर आणि शून्यांची वही

तिसऱ्या सोमवारी मी टेबलाखाली होते आणि तुषार वरून विचारत होता, "मॅडम, सापडलं का?"

हातातून गोनिओमीटर पडला होता. गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी; कंपासपेटीतल्या कोनमापकाची नोकरीला लागलेली मोठी बहीण. ती मला केव्हाच सापडली होती. तरी मी खालीच थांबले, कारण वर येऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं. चोवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. पेशंटसमोर चेहरा कसा ठेवायचा ते मला चांगलं येतं. पण त्या दिवशी चेहऱ्याला तयारीसाठी थोडा वेळ हवा होता.

तीन आठवड्यांपूर्वी हा मुलगा आला तेव्हा त्याचा उजवा कोपर पूर्ण सरळ होत होता आणि आतल्या बाजूने जरासा ठणकत होता. मी त्याला सक्त विश्रांती दिली. आता तोच कोपर सरळ होताना बारा अंश आधीच अडत होता, आतून सुजला होता, आणि चहाचा कप उचलला तरी दुखत होता. हे सगळं विश्रांतीने झालं होतं. मी दिलेल्या विश्रांतीने.

माझं क्लिनिक वर्ध्यात आहे, दोन खोल्यांचं. माझ्याकडे गुडघे येतात, माना येतात, कंबरा येतात. निवृत्त मुख्याध्यापक येतात आणि मलाच व्यायाम शिकवून जातात. बेसबॉलचा पिचर माझ्याकडे येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी आधी त्याच माणसाचा तोल तपासला असता.

तुषारला घेऊन आले ते ढोके सर. सेलूकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक, आणि तुषारचे पहिल्यापासूनचे कोच. मला बेसबॉल कळत नाही हे कळल्यावर त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर मैदान आखायला सुरुवात केली.

"हे होम प्लेट, मॅडम. इथे बॅटर. अन हा मधातला उंचवटा, याले माउंड म्हनते. याच्यावर आपला तुषार. सारी गेम याच्या हाताले लटकून राह्यते."

"म्हणजे बोलर."

"बोलर नका म्हनू!" सर दुखावले. "बोलर पयत येते. हा उभ्या जागून टाकते. अन टप्पा नाई. सीधा."

तेवढ्यावरून मला माझ्या कामाचं कळलं. क्रिकेटमध्ये कोपर वाकवून फेकणं हा गुन्हा. बेसबॉलमध्ये वाकलेला कोपर हेच सगळं भांडवल. पिचर हात मागे नेतो, खांदा पुढे येतो, पण मनगट मागेच राहतं, आणि क्षणभर सगळा पीळ कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या पट्ट्यावर बसतो. त्या पट्ट्याला लिगामेंट म्हणतात. दोन हाडांना एकत्र बांधून ठेवणारी सुतळी समजा. ती सुतळी दुखली तर पिचर थांबतो. ती तुटली तर बहुतेक वेळा पिचर उरत नाही. म्हणून या खेळात प्रत्येक चेंडू मोजतात. आज किती टाकले, कितव्या दिवशी किती, मध्ये आराम किती. याची वही असते, तिला थ्रोइंग लॉग म्हणतात.

आता हा कोपर इतका मोलाचा का, तेही सांगते. आमच्याकडे पिचरचा रस्ता ठरलेला आहे. शाळेतले सर हात पाहून माउंडवर उभं करतात. मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नशीब जोरावर असेल तर राष्ट्रीय. प्रत्येक पायरीवर एक सर्टिफिकेट, ते लगेच लॅमिनेट करायचं. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाचा संघ. मग खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरती किंवा एखादं सरकारी खातं, आणि तिथे रस्ता संपतो. ढोके सरांनी आजवर घडवलेले सगळे पिचर असेच कुठे ना कुठे खुर्चीवर बसले आहेत. त्यांतल्या एकाने तर सरांनाच हेल्मेट नाही म्हणून चौकात अडवलं होतं.

बावीस वर्षांचा तुषार हा पहिलाच, ज्याचा रस्ता पुढे जाणार होता. आखाती देशांत बेसबॉलची एक व्यावसायिक लीग आहे. तिथल्या लोकांनी त्याचा व्हिडिओ पाहिला आणि पुण्याला ट्रायलसाठी बोलावलं. चेंडू फेकायचा, आणि फेकण्याचा पगार घ्यायचा. हे ऐकून त्याच्या वडिलांनी तीनदा विचारलं होतं म्हणे, "फक्त फेकाचा?"

ट्रायल सहा आठवड्यांवर होती. सोबत माझ्या सहीचा फिटनेस फॉर्म आणि लॉगची वही हवी होती. सही नसेल तर ट्रायल नाही.

पहिल्या दिवशी मला ही केस सोपी वाटली होती, तीच माझी चूक. त्याने लागोपाठ दोन दिवस दोन मॅच टाकल्या होत्या, कोपर कुरकुरत होता. मी त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवलं आणि माझा ठेवणीतला आवाज काढला.

"तीन आठवडे या हाताने काही फेकायचं नाही. चेंडू नाही. दगड नाही. चिंच पाडायला काठी नाही. कुत्र्यावर चप्पलसुद्धा नाही. समजलं?"

"समजलं," तुषार म्हणाला.

"शोभाताई, तुम्ही सांगा, काय करायचं नाही?"

त्याची आई, शोभाताई, शाळेत उभं केल्यासारखी ताठ झाली. "फेकाचं नाई. काहीच नाई फेकाचं."

"शाब्बास." मी प्रिस्क्रिप्शनवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: फेकणे बंद. खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघांचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

पहिल्या आठवड्यानंतर तुषार आला तेव्हा दुखणं थोडं वाढलं होतं. असं होतं कधी कधी, मी म्हणाले. दुसऱ्या आठवड्यानंतर सूज दिसायला लागली. असं होत नाही कधी, मी मनात म्हणाले.

वही पाहिली. ढोके सरांनी रोजची नोंद ठेवली होती. सोमवार, शून्य. मंगळवार, शून्य. पानभर शून्यं, आणि प्रत्येक शून्याखाली सरांची सही.

मग मी गुप्तहेर झाले. उशी कुठली घेतोस? हातावर डोकं ठेवून झोपतोस? मोबाइल किती वेळ धरतोस? मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर उजव्या हाताने पिळतोस, म्हणून मोटरसायकल बंद केली. तो एसटीने यायला लागला. कोपर तसाच. रक्त तपासलं, उगाच संधिवाताचं काही असेल म्हणून. रक्त माझ्यापेक्षा चांगलं निघालं. शेवटी सावंगीला एमआरआय काढला. माझे ओळखीचे हाडांचे सर्जन फिल्म उजेडात धरून म्हणाले, "लिगामेंट शाबूत आहे. पण सूज ताजी आहे. रोजच्या रोज कुणीतरी ओढतंय याला."

"हा तर आराम करतोय."

"मग आरामच ओढत असेल," ते म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

उरली एकच शक्यता. पोरगा खोटं बोलत होता. बावीस वर्षांचा मुलगा, ट्रायल जवळ आलेली. शेतात कुठेतरी झाडावर खडूने चौकोन काढून चोरून फेकत असणार. मी ढोके सरांना फोन केला.

"मॅडम, शक्यच नाई. साऱ्या बॉल माझ्या कपाटात हायेत. रोज मोजतो. काल एका पोट्ट्याची रबरी बॉल रस्त्यात पडलती, तेही उचलून ठेवली."

"ती कशाला?"

"रिस्क काऊन घ्यायची?"

मी तुषारला दुखण्याची वेगळी वही दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ; दुखणं शून्य ते दहा. त्यातून पहिल्यांदा काहीतरी दिसलं. गुरुवारी आणि रविवारी सकाळी आकडा उडी मारत होता. म्हणजे जे काही व्हायचं ते बुधवारी आणि शनिवारी.

आणि टेबलाखालून बाहेर आल्यावर, त्या तिसऱ्या सोमवारी, मी तेच विचारलं. चेहऱ्यावर हसू आणून, कारण मला वाटलं एखादी मुलगी असेल आणि तिच्या गल्लीत हा शायनिंग मारायला काहीतरी फेकत असेल.

"तुषार, बुधवारी आणि शनिवारी कुठे जातोस रे?"

"कुठीच नाई मॅडम. घरीच राह्यतो."

"घरी काय करतोस?"

"काही नाई. घरचंच."

"काही खेळतोस?"

"नाई."

"जड उचलतोस?"

"नाई."

"काही फेकतोस?"

त्याचे डोळे भरून आले. "मॅडम, मायची शपथ. तीन हप्त्यापासून मी एक गोटाबी नाई फेकला. मायनं तं बोराची बी थुकाले मना केली हाय."

खरं बोलणारा माणूस मला कळतो. तो खरं बोलत होता. कोपरही खरं बोलत होता. आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

त्याच दुपारी लीगच्या ट्रेनरचा फोन आला. मंदार नावाचा, पुण्याचा, अतिशय विनम्र. "मॅडम, आपण पाठवलेला लॉग पाहिला. सलग शून्य आहे. उत्तम. मग फॉर्म कधी पाठवताय?"

"थोडी सूज आहे."

"कमी होतेय ना?"

"वाढतेय."

"शून्य थ्रो, आणि सूज वाढतेय. हे जरा पुस्तकात बसत नाही, नाही का?"

"बसत नाही खरं."

"मग मला वाटतं, आतून काहीतरी मोठं असावं. मॅडम, शुक्रवारपर्यंत नक्की सांगा. नाहीतर नाइलाजाने नाव काढून दुसऱ्या मुलाला बोलवावं लागेल."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खडूच्या त्या मैदानाकडे पाहत बसले. फरशी तीनदा पुसूनही माउंड गेला नव्हता. सही केली आणि पुण्याला त्याची सुतळी तुटली, तर दोष माझा. सही नाही केली, तर पोरगा सर्टिफिकेटं घेऊन भरतीच्या रांगेत. आणि मला तर अजून हेही माहीत नव्हतं की त्याला झालंय काय.

शेवटी जे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं ते केलं. बुधवारी दुपारचे पेशंट पुढे ढकलले आणि न सांगता त्याच्या गावी गेले. सिंदी रेल्वेच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत त्यांचं शेत आहे. भाजीपाल्याची शेती. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीत पत्ताकोबी.

चार वाजले असतील. बांधाला मेटाडोर लागली होती. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या छोट्या ट्रकला मेटाडोरच म्हणतात. खाली पत्ताकोबीचा ढीग, हिरवागार, माझ्या कमरेएवढा. शोभाताई वाकून ढिगातून गड्डा उचलून नवऱ्याच्या हातात देत होत्या. भाऊराव, म्हणजे तुषारचे वडील, तो दोन्ही हातांनी खालून वर उडवत होते. आणि वर, भरलेल्या कोबीच्या थरावर, माझा पेशंट उभा होता. डावा हात वरच्या दोराला. उजवा हात पुढे. गड्डा यायचा, तो हात लांब करून एका पंजात टिपायचा, तसाच बाजूला वळवून थरात बसवायचा. धप्. पुढचा. धप्. पुढचा.

इतकं सुंदर काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. आवाज असा निघाला की मेटाडोरचा ड्रायव्हर चहा सोडून उभा राहिला. हवेतला गड्डा तुषारने झेललाच. सवय.

"मॅडम? तुमी इकडे कशा?" शोभाताई पदराला हात पुसत आल्या. "या ना, बसा. चहा मांडतो."

"तुषार काय करतोय वर?"

"काही नाई, घरचंच," तुषार वरून म्हणाला.

घरचंच! तीन आठवडे तो मला हेच सांगत होता, आणि तीन आठवडे मी ते ऐकून पुढचा प्रश्न विचारत होते. आमच्याकडे घरचं काम कुणी काम म्हणून धरतच नाही. मीही धरलं नव्हतं. माझी स्वतःची आई रोज दोन हंडे पाणी डोक्यावर आणायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "मी घरीच असते."

"हे काम हा दर आठवड्याला करतो?"

"बुधवारी अन शनिवारी. नागपूरच्या बजारात मेटाडोर जाते ना." मग शोभाताईंचा चेहरा उजळला. "पन मॅडम, आमी तुमचं एकबी वाक्य मोडलं नाई हां! पहिले हा खाली राहे. खालून वर फेके. अन हे," त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं, "हे वरते बसून झेलत. तुमी म्हनलं फेकाचं नाई. मंग मी त्याच दिवशी दोघाईची अदलाबदल केली. याले म्हनलं, तू चढ वर. झेलाले काय लागते?"

"आणि एका हाताने का झेलतो?"

"पडला-गिडला तं ट्रायल जाईन नं बाप्पा! म्हून मीच सांगतलं, डावा हात दोरावून काढाचा नाई."

मी भाऊरावांकडे पाहिलं. ते कंबरेवर हात ठेवून, जराशा वाकड्या अंगाने उभे होते आणि आपल्या बायकोच्या हुशारीवर खूश होते.

कोडं सुटलं असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर मी तेव्हा आणखीच गोंधळले. झेलल्याने कोपर इतका सुजेल? पुस्तकात तसं नाही. पुस्तकात पिचर फेकतो, आणि झेलायचंच असलं तर डाव्या हाताने, ग्लोव्ह घालून झेलतो. मग मी एक शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. पर्स ड्रायव्हरच्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि मेटाडोरच्या चाकावर पाय ठेवून वर चढले. चढताना काय काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. तुषारने वरून ओढलं. डाव्या हाताने, माझ्या ताकिदीवरून.

"फेका," मी म्हणाले. डावा हात दोराला.

"मॅडम, राहू द्या नं," भाऊराव म्हणाले.

"फेका भाऊ!"

शोभाताईंनी नवऱ्याच्या हातातून गड्डा घेतला आणि स्वतःच उडवला. "धराजो मॅडम!"

पहिला माझ्या कानाजवळून गेला. दुसरा सुटला. तिसरा मिळाला आणि मला फार आनंद झाला. पुढचे काही मिळाले, काही ड्रायव्हरकडे गेले. आणि विसाव्याच्या आसपास, हात लांब केलेला, गड्डा पंजात आदळलेला, आणि मी तो बाजूला वळवत असताना कोपराच्या आतल्या बाजूला एक ओळखीची कळ आली. बरोब्बर तिथे, जिथे मी तीन आठवडे तुषारला दाबून विचारत होते, "इथे? की इथे?"

पंजात वजन आलं की हात मागे झटकतो, आणि लांब केलेला कोपर बाहेरच्या बाजूला उघडतो. चेंडू फेकताना सुतळीला जो पीळ बसतो त्याच जातीचा पीळ. वेग कमी, पण संख्या पाहा. एका मेटाडोरात हजाराच्या वर गड्डे. आठवड्यातून दोन मेटाडोर. खालून दोन्ही हातांनी वर उडवणं हे त्याचं आधीचं काम कोपराला अजिबात जड नव्हतं. तो तिथेच राहिला असता तर दहा दिवसांत बरा झाला असता. त्याला वर कुणी चढवलं? माझ्या दोन रेघांनी.

मी कोबीच्या थरावरच बसले.

"काय झालं मॅडम?" तुषारने विचारलं.

"काही नाही. डॉक्टर सापडला."

"कोनचा?"

"ज्याने तुझा कोपर बिघडवला तो."

मग सगळं समजावून सांगितलं. शोभाताईंनी हातातला गड्डा खाली ठेवला. माझी चूक होती, त्यांची नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी चौथ्यांदा विचारलं, "पन मॅडम, झेलाचं नाई असं तुमी म्हनलं नव्हतं नं?" "नव्हतं," मी म्हणाले. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि चहा मांडायला गेल्या.

शुक्रवारी मंदारला फोन केला.

"मॅडम, निदान झालं?"

"झालं. लॉगमध्ये दुरुस्ती आहे. चेंडू शून्य बरोबर आहे. पत्ताकोबी, आठवड्याला दोन हजारांच्या वर."

"थ्रो?"

"नाही. कॅच."

बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग तो थांबला. "मॅडम, याला माझ्याकडे कॉलम नाहीये."

"माझ्याकडेही नव्हता."

नाव मात्र त्याने यादीत राहू दिलं. ट्रायलला अठरा दिवस उरले होते. तुषारचं मेटाडोरवर चढणं बंद झालं आणि आठवड्यात सूज उतरली. दहाव्या दिवशी कोपर पूर्ण सरळ झाला. मग जवळून हलका टॉस, मग थोडं अंतर, मग माउंड. सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, फेकू दे, पण मोजून. ट्रायल पन्नास चेंडूंची होती. मी फॉर्मवर लिहिलं, पंधरा, आणि सही केली.

तुषारने फॉर्म वाचला. या मुलाला मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"पंधरात काय दिसंन मॅडम? स्टार्टरले पन्नास तं पाह्यजेच."

स्टार्टर म्हणजे मॅचची सुरुवात करणारा आणि बराच वेळ टाकत राहणारा मुख्य पिचर. त्याचं स्वप्न तेच होतं.

"पंधराच्या वर मी सही देत नाही."

"चूक तुमची होती."

"हो."

"अन भोगाचं म्या?"

"हात तुझा आहे," मी म्हणाले. "म्हणूनच पंधरा." तो फॉर्म घेऊन निघून गेला, नमस्कार न करता. दार त्याने डाव्या हाताने आपटलं. तेवढी शिस्त होती.

ट्रायलच्या दिवशी ढोके सर पुण्याहून फोनवर धावतं वर्णन करत होते. माझ्यासमोर एक मान पडली होती. मान असलेला माणूस. मी एका हाताने मान धरली आणि दुसऱ्या हाताने फोन.

"अकरावी टाकली. मस्त. बारावी. मॅडम, गन मस्त दाखवून राह्यली." गन म्हणजे वेग मोजायचं यंत्र; पण फोनमधून 'गन' ऐकू येताच टेबलावरच्या माणसाने मान स्वतःच सरळ केली. "चौदावी. पंधरावी. बस. खाली उतरला. आता ते लोक आपसात बोलून राह्यले."

तासाभराने पुन्हा फोन. "मॅडम, घेतलं! पन तसं नाई घेतलं."

"म्हणजे कसं घेतलं?"

"स्टार्टर म्हून नाई. रिलीव्हर म्हून. एका सीझनसाठी."

रिलीव्हर म्हणजे मॅचच्या शेवटी येणारा पिचर. बाकीचे दमले की तो माउंडवर चढतो, पंधरा-वीस चेंडू जीव लावून टाकतो आणि सामना वाचवतो, किंवा घालवतो. त्यांनी तुषारचे पंधराच चेंडू पाहिले, पंधराही कडक होते, म्हणून त्याला पंधरा चेंडूंचं काम दिलं.

यावर आजही दोन मतं आहेत. ढोके सर म्हणतात, "पन्नास टाकले असते तं तिसाव्याले स्पीड पडला असता. आला असता वापस, पोलीस भरतीत." तुषार आखातातून फोन करतो तेव्हा म्हणतो, "पन्नास टाकले असते तं मी स्टार्टर राह्यलो असतो मॅडम." म्हणतो हसत, पण म्हणतो. मी त्याचं करिअर वाचवलं की अर्धं कापलं, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही केलं असावं.

एवढं मात्र केलं की माझ्या तपासणीच्या फॉर्मवर एक नवी ओळ छापून घेतली. "घरचंच म्हणजे नेमकं काय?" ती ओळ पेशंटला मी स्वतः वाचून दाखवते. तिला मी दोन रेघा मारलेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात भाऊराव आले. मुलगा परदेशात, खालून फेकायचं काम आता त्यांच्या एकट्यावर, वर ड्रायव्हर. कंबर पार धरली होती. मी तपासलं, शेक दिला, आणि माझा ठेवणीतला आवाज काढला.

"भाऊ, एक महिना वाकायचं नाही. काही उचलून वर द्यायचं नाही."

"हाव. समजलं."

मी पेन ठेवला. आता मी शहाणी झाले होते. "मग बुधवारी काय करणार?"

"आराम," ते समाधानाने म्हणाले. "वरते चढतो. झेलाले काय लागते?"